तिरस्काराचा धडा पुसणारा शिक्षक : ज्यूल इझाक



उपवासकाळ सुरू झाला की दर शुक्रवारी आपण क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला जमतो. झावळ्यांच्या रविवारी आणि पवित्र शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत ऐकतो. या दिवसांत धर्मशिक्षणाच्या वर्गातील एखाद्या मुलाला सहज विचारून पाहावे, प्रभू येशूला कोणी मारले? पुष्कळ मुले क्षणाचाही विचार न करता उत्तर देतील, यहुद्यांनी. यात मुलांचा दोष नाही. त्यांनी ते कोणाकडून तरी ऐकलेले असते. आपणही लहानपणी तसेच ऐकले आणि तसेच पुढे सांगत आलो.

या एका उत्तराने जगात काय घडवले आणि ते उत्तर बदलावे म्हणून एका शाळाशिक्षकाने आयुष्याची शेवटची वीस वर्षे कशी वेचली, ते आज आपण पाहणार आहोत. त्यांचे नाव ज्यूल इझाक. इझाक म्हणजे आपल्या बायबलमधील इसहाक, आब्राहामाचा मुलगा. नावावरूनच कळते की ते यहुदी होते. ते ख्रिस्ती कधी झाले नाहीत. तरीही आज आपण पवित्र शुक्रवारी यहुदी लोकांसाठी ज्या शब्दांत प्रार्थना करतो, आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत त्यांच्याविषयी जे सांगितले जाते, आणि इतर धर्मांविषयी आपली ख्रिस्तसभा आज जी आदराची भाषा बोलते, त्यामागे या माणसाच्या कष्टांचा मोठा वाटा आहे.

पोरका मुलगा आणि त्याचा मित्र

ज्यूल इझाक यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८७७ रोजी फ्रान्समधील रेन या शहरात झाला. वडील फ्रेंच सैन्यात अधिकारी होते. घराणे यहुदी, पण धार्मिक विधींचे फारसे पालन नव्हते. देशावर मात्र अपार प्रेम होते. ज्यूल तेरा वर्षांचे असताना अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने आई आणि वडील दोघेही वारले. पोरका झालेला हा मुलगा पॅरिसजवळच्या लाकानाल विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकला.

तेथेच १८९७ च्या सुमारास त्यांना शार्ल पेगी हा मित्र भेटला. हाच पेगी पुढे फ्रान्सचा थोर कॅथलिक कवी म्हणून प्रसिद्ध झाला. ही जोडी सत्याच्या ओढीने एकत्र आली. त्या काळी फ्रान्स एका खटल्याने दुभंगला होता. आल्फ्रेड ड्रायफस नावाच्या यहुदी लष्करी अधिकाऱ्याला १८९४ मध्ये हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली जन्मठेप झाली होती. तो यहुदी आहे एवढ्यावरूनच हजारो लोकांनी त्याला गुन्हेगार ठरवले. दुर्दैवाने काही कॅथलिक वर्तमानपत्रेही त्यात पुढे होती. हे दोघे मित्र ड्रायफसच्या बाजूने उभे राहिले. ड्रायफस निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडावे लागले.

या प्रकरणातून इझाक एक गोष्ट शिकले. खोटे कितीही लोकांनी एकत्र येऊन म्हटले तरी ते खोटेच असते, आणि ते शोधून काढायचे तर मूळ कागद स्वतः वाचावे लागतात. ही सवय त्यांना जन्मभर पुरली.

घराघरातले इतिहासाचे पुस्तक

१९०२ मध्ये इझाक इतिहास आणि भूगोल शिकवण्याची सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी लॉर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वेगवेगळ्या गावी नोकरी करत ते पुढे पॅरिसमधील नामांकित विद्यालयांत शिकवू लागले. आल्बेर माले या इतिहासकाराच्या शालेय पुस्तकांच्या कामातही त्यांनी हात घातला. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि १९१५ मध्ये माले रणांगणावर पडले. इझाक स्वतः तेहतीस महिने खंदकांत होते. व्हेर्दनच्या लढाईत ते जखमी झाले.

युद्धानंतर त्यांनी ही पुस्तकमाला नव्याने लिहून काढली. ती माले-इझाक या जोडनावाने ओळखली जाऊ लागली. फ्रान्समधील कित्येक पिढ्या हीच पुस्तके वाचून इतिहास शिकल्या. आपल्याकडे एखाद्या पाठ्यपुस्तकाचे नाव आजोबा, वडील आणि नातू तिघांनाही ठाऊक असावे, तसे ते नाव तेथे घरोघरी पोहोचले होते.

खंदकात त्यांनी मरणारे तरुण पाहिले होते. त्यातले कित्येक जण कालपर्यंत शाळेच्या बाकावर बसणारे होते. फ्रान्सच्या शाळेत जर्मनांविषयी आणि जर्मनीच्या शाळेत फ्रेंचांविषयी जे शिकवले गेले, त्याचे पीक रणांगणावर कापले गेले, असे त्यांना वाटू लागले. म्हणून १९३५ मध्ये फ्रेंच आणि जर्मन इतिहास शिक्षक एकत्र बसले आणि दोन्ही देशांच्या पुस्तकांतील एकांगी मजकुराविषयी त्यांनी शिफारशी तयार केल्या, त्या कामात इझाक पुढे होते. पण जर्मनीत तोवर हिटलरची सत्ता आली होती. तेथे या शिफारशींचा उपयोग झाला नाही. १९३६ मध्ये इझाक यांची फ्रान्सच्या शिक्षण खात्यात महानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. शिक्षकाला मिळू शकणारा तो मोठाच मान होता.

नोकरी गेली, घर गेले

१९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे हरला. व्हिशी येथे जे नवे सरकार आले त्याने ३ ऑक्टोबर १९४० रोजी यहुद्यांविरुद्ध कायदा केला. या कायद्याने यहुद्यांना सरकारी नोकरीतून आणि शाळांतून काढून टाकले. व्हेर्दनला रक्त सांडलेला, देशाच्या मुलांना देशाचा इतिहास शिकवलेला हा बासष्ट वर्षांचा माणूस एका आदेशाने शिक्षक म्हणून नालायक ठरला. १९४२ मध्ये तेव्हाच्या शिक्षणमंत्र्याने तर उघड म्हटले की फ्रान्सचा इतिहास फ्रेंच मुलांना एखाद्या इझाकने शिकवावा हे चालणार नाही. पुस्तक चुकीचे आहे असे कोणी म्हटले नाही. आडनाव चुकीचे होते.

इझाक कुटुंब दक्षिणेकडे एक्स-अन-प्रोव्हान्स येथे गेले. तेथूनही हलावे लागले. शेवटी रियों या लहान शहरात ते लपून राहिले. ७ ऑक्टोबर १९४३ रोजी गेस्टापोचे लोक आले. इझाक त्या वेळी थोडा वेळ बाहेर गेले होते, म्हणून तेवढे वाचले. पत्नी लॉर, मुलगी ज्युलिएट, जावई आणि एक मुलगा पकडले गेले. मुलगा पुढे छावणीतून निसटला. जावई परत आला नाही. पत्नी आणि मुलगी आउश्वित्झच्या छावणीत मारल्या गेल्या. फ्रान्समधून अशा सुमारे ७६,००० यहुद्यांना छावण्यांकडे नेण्यात आले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास जिवंत परतले.

छावणीकडे नेण्याआधी पत्नीला द्रांसी येथे ठेवले होते. तेथून तिने कशीबशी एक चिठ्ठी पतीला पोहोचवली. काळजी घ्या, धीर धरा आणि हाती घेतलेले काम पुरे करा, जग त्याची वाट पाहत आहे, असा तिचा आशय होता. तिचा शेवटचा निरोप तोच.

ते काम कोणते होते?

शुभवर्तमान उघडून बसलेला यहुदी

अटकेच्या आधीपासूनच इझाक यांना एक प्रश्न छळत होता. नाझी ख्रिस्ती श्रद्धेचे शत्रू होते, हे त्यांना ठाऊक होते. कित्येक धर्मगुरू आणि धर्मभगिनी त्याच छावण्यांत मरण पावत होत्या. पण युरोप तर शेकडो वर्षे ख्रिस्ती होता. शेजारचे यहुदी कुटुंब रात्रीतून नाहीसे झाले तरी एवढ्या ख्रिस्ती माणसांना काहीच का वाटले नाही? नाझींनी जे विषारी बी पेरले, ते इतक्या सहज रुजायला जमीन कोणी नांगरून ठेवली होती?

ते इतिहासाचे शिक्षक होते. म्हणून त्यांनी मूळ कागदच काढला. त्यांनी चारही शुभवर्तमाने मूळ ग्रीक भाषेत वाचायला घेतली. शेजारी त्यांनी धर्मशिक्षणाची पुस्तके, प्रवचने आणि भाष्ये ठेवली. शुभवर्तमान काय सांगते आणि त्याच्या नावाने शिकवले काय जाते, हे ओळीमागून ओळ तपासले. पत्नी आणि मुलीला नेल्यानंतरही, ख्रिस्ती स्नेह्यांनी दिलेल्या आसऱ्याला लपून राहून, त्यांनी हे काम चालू ठेवले. १९४६ मध्ये ते पुरे झाले आणि १९४८ मध्ये 'येशू आणि इस्राएल' या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाले. पत्नी आणि मुलीच्या स्मृतीला त्यांनी ते अर्पण केले.

त्यांना काय आढळले? येशू यहुदी होता. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, तो सभास्थानात आणि मंदिरात शिकवीत असे, यहुदी सण पाळीत असे. पवित्र मरिया यहुदी. संत जोसेफ यहुदी. बाराही प्रेषित यहुदी. पेन्टेकॉस्टच्या दिवशी ज्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला तेही यहुदी. येशूमागे लोटणारा, त्याचे ऐकताना वेळेचे भान हरपणारा समुदायही यहुदीच होता. त्या काळी यहुदी लोक दूरदूरच्या देशांत विखुरलेले होते. त्यांतल्या बहुतेकांच्या कानी येशूचे नावही गेले नव्हते. मग त्या सर्वांनी मिळून त्याला नाकारले, असे कसे म्हणता येईल? येशूला पकडण्याचा कट काही पुढाऱ्यांनी केला. शिक्षा फर्मावली पिलाताने. क्रूस ही रोमी शिक्षा होती आणि खिळे ठोकणारे हात रोमी शिपायांचे होते.

यहुदी लोक देशोधडीला लागले ती त्यांना देवाने दिलेली शिक्षा, असेही ख्रिस्ती मुलांना शिकवले जाई. इझाक यांनी दाखवून दिले की यहुदी लोक येशूच्या जन्माआधी कित्येक शतकांपासूनच देशोदेशी राहत होते. येशूच्या काळी यहुदी धर्म पार सडून गेला होता, हा धडाही खरा नव्हता. ज्या धर्मात मरियेसारखी स्त्री आणि योहान बाप्तिस्त्यासारखा संदेष्टा वाढला, त्या धर्मातला जिवंत झरा आटला होता असे कसे म्हणावे?

या चुकीच्या शिकवणीला इझाक यांनी तिरस्काराची शिकवण असे नाव दिले. १९६२ मध्ये याच नावाचे त्यांचे लहान पुस्तक निघाले. त्यांचे म्हणणे साधे होते. शुभवर्तमान तिरस्कार शिकवत नाही. तो नंतरच्या शिक्षकांनी त्यात मिसळला. म्हणून तो काढून टाकणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे, तर श्रद्धा स्वच्छ करणे होय. आणि जे शिकवले गेले आहे ते पुन्हा नीट शिकवताही येते.

प्रिय बंधूभगिनींनो, क्षणभर विचार करा. ज्याची पत्नी आणि मुलगी मारली गेली, त्याने आपल्या हाती दगड घेतला असता तरी कोणी आश्चर्य केले नसते. त्याने हाती घेतले ते आपले शुभवर्तमान.

दहा मुद्दे

पुस्तकाच्या शेवटी इझाक यांनी ख्रिस्ती शिकवणीत सुधारणा करण्यासाठी अठरा मुद्दे मांडले होते. युद्ध संपल्यावर, १९४७ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, स्वित्झर्लंडमधील सीलिसबर्ग या गावी यहुदी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा साठाहून अधिक लोकांची परिषद भरली. तेथे इझाक यांच्या अठरा मुद्द्यांच्या आधारे दहा मुद्द्यांचे निवेदन तयार झाले. ते शिक्षकांसाठी, धर्मशिक्षकांसाठी आणि प्रवचनकारांसाठी होते. दोन्ही करारांतून एकच देव बोलतो, येशू यहुदी मातेच्या पोटी जन्मला, पहिले शिष्य आणि पहिले रक्तसाक्षी यहुदी होते, हे मुलांना सांगावे. ख्रिस्ती धर्म मोठा दिसावा म्हणून यहुदी धर्म लहान करून दाखवू नये. यहुदी हा शब्द येशूचे शत्रू याच अर्थाने वापरू नये. दुःखसहनाची कथा अशा रीतीने सांगू नये की ऐकणाऱ्याच्या मनात सबंध जमातीविषयी चीड उत्पन्न होईल.

पुढल्याच वर्षी फ्रान्समध्ये यहुदी आणि ख्रिस्ती यांची मैत्रीसंस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत इझाक होते. धर्मगुरूही कामाला लागले. फादर पॉल डेमान यांनी फ्रेंच भाषेतील धर्मशिक्षणाची पुस्तके तपासून १९५२ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याच पुस्तकांतील चुका आपणच दाखवून द्यायला धैर्य लागते. ते त्यांनी दाखवले.

दोन पोपमहोदयांच्या भेटीला

पवित्र शुक्रवारच्या विधीत आपण ख्रिस्तसभेसाठी, पोपमहोदयांसाठी, दीक्षार्थींसाठी आणि सर्व मानवजातीसाठी एकामागून एक प्रार्थना करतो. पूर्वी ही प्रार्थना लॅटिन भाषेत होत असे. यहुदी लोकांसाठी जी प्रार्थना होती तिच्यात त्यांना उद्देशून एक विशेषण होते. त्याचा मूळ अर्थ विश्वास न ठेवणारे असा होता, पण लोकांच्या भाषांत तो शब्द दगाबाज, विश्वासघातकी असाच उमटला होता. शिवाय इतर प्रार्थनांच्या वेळी सर्व जण गुडघे टेकत, या एका प्रार्थनेला तेवढे टेकत नसत. वर्षातून एकदा, सर्वांत पवित्र दिवशी, सबंध ख्रिस्ती समाज मुलाबाळांसह हा धडा गिरवत होता.

१६ ऑक्टोबर १९४९ रोजी इझाक यांनी पोप पायस बारावे यांची भेट घेतली आणि या प्रार्थनेचा विषय त्यांच्यापुढे ठेवला. १९५५ मध्ये पवित्र आठवड्याच्या विधींत सुधारणा झाली तेव्हा यहुद्यांसाठीच्या प्रार्थनेतही गुडघे टेकणे पुन्हा सुरू झाले. १९५९ च्या पवित्र शुक्रवारी नवे पोप जॉन तेविसावे यांनी ते विशेषणच काढून टाकले. पोप होण्यापूर्वी इस्तंबूल येथे व्हॅटिकनचे प्रतिनिधी असताना त्यांनी युद्धकाळात कित्येक यहुद्यांना वाचवण्यासाठी धडपड केली होती. त्यांच्या दृष्टीने हा केवळ शब्दांचा विषय नव्हता.

तोवर दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेची घोषणा झाली होती. १३ जून १९६० रोजी ब्याऐंशी वर्षांचे इझाक रोमला जाऊन पोप जॉन यांना भेटले. सोबत त्यांनी कागदांची एक चळत नेली होती. शिकवणीत कोणती सुधारणा हवी, हे त्यात लिहिले होते. त्याबरोबर त्यांनी एक जुना कॅथलिक दाखलाही जोडला होता. ट्रेंट विश्वपरिषदेनंतर सोळाव्या शतकात निघालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात म्हटले आहे की प्रभू सर्व माणसांच्या पापांसाठी मेला आणि जाणूनबुजून पाप करणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा दोष त्या काळच्या यहुद्यांपेक्षाही अधिक आहे. म्हणजे इझाक नवीन काही मागत नव्हते. आपलीच विसरलेली शिकवण ते आपल्याला आठवण करून देत होते.

या विषयासाठी विश्वपरिषदेने एक समिती नेमावी अशी त्यांची विनंती होती. निघताना त्यांनी विचारले, आपण थोडी आशा बाळगावी काय? पोपमहोदयांनी उत्तर दिले की आशेहून अधिक काही बाळगण्याचा तुम्हाला हक्क आहे. पण निर्णय मला एकट्याला घेता येत नाही, इतरांचेही मत घ्यावे लागते, हेही त्यांनी सांगितले. त्यांनी इझाक यांना कार्डिनल बेया यांच्याकडे पाठवले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हा मसुदा तयार करण्याची जबाबदारी बेया यांच्यावर सोपवली.

पोप जॉन ३ जून १९६३ रोजी देवाघरी गेले. सप्टेंबर १९६३ मध्ये ज्यूल इझाक यांनी एक्स-अन-प्रोव्हान्स येथे डोळे मिटले. आपल्या कष्टाचे फळ त्या दोघांनीही पाहिले नाही.

मसुद्याला विरोध झाला. तो मागे पडला, बदलला, पुन्हा पुढे आला. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी विश्वपरिषदेने तो स्वीकारला आणि पोप पॉल सहावे यांनी तो जाहीर केला. 'नॉस्त्रा एताते' या नावाने तो ओळखला जातो. प्रभूच्या दुःखसहनात जे घडले त्याचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट टाकता येत नाही, हे त्यात स्पष्ट केले आहे. धर्मशिक्षणात आणि प्रवचनात याच्या विरुद्ध काही सांगू नये, असेही बजावले आहे. एका यहुदी शिक्षकाने आपल्या पुस्तकाच्या शेवटी जे मागितले होते, ते अशा रीतीने ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणीत आले.

आपल्या अंगणात

हा सारा युरोपचा इतिहास झाला, त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. यहुद्यांविषयी सुरू झालेला तो मसुदा पुढे सर्वच धर्मांना कवेत घेणारा झाला. त्यात हिंदू आणि बौद्ध धर्मांचा नावाने उल्लेख आहे, मुस्लिम बांधवांविषयी आदर व्यक्त केला आहे, आणि धर्माच्या कारणावरून कोणाशीही भेदभाव करणे ख्रिस्ताच्या मनाविरुद्ध आहे असे शेवटी सांगितले आहे. हा मसुदा घडत असतानाच, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप पॉल सहावे मुंबईच्या युखरिस्त परिषदेला आले होते आणि येथे त्यांनी इतर धर्मांच्या प्रतिनिधींची आवर्जून भेट घेतली होती.

आपल्या कोकणाला यहुदी लोक परके नाहीत. अलिबागच्या आसपासच्या गावांत शेकडो वर्षे बेने इस्राएल राहत आले. तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी. आपल्यासारखीच पुराण्या करारातील माणसांची नावे त्यांच्या घरांत. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले, पण त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते. शेजाऱ्याने शनिवारी घाणा बंद ठेवला तर ठेवू द्यावा, एवढे शहाणपण आपल्या गावांना होते. ते टिकवणे आपल्या हाती आहे.

आपणही या देशात संख्येने थोडे आहोत. तुमचा धर्म बाहेरचा, असे वर्गात कोणी म्हटले तर आपल्या लेकराचा चेहरा कसा उतरतो, हे आईबापांना ठाऊक आहे. मग आपल्या संस्थांच्या शाळांत बसणाऱ्या इतर धर्मांच्या लेकरांचेही तसेच असते, हे आपण विसरू नये. टिकली लावली, मेंदी काढली म्हणून एखाद्या मुलीला वर्गाबाहेर उभे केले, रोजा धरलेल्या मुलाची चेष्टा झाली, अशा तक्रारी अधूनमधून कानावर येतात. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने तर स्पष्टच सांगितले आहे की मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणत्याही मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. हा नियम आपल्या मुलांचेही रक्षण करतो आणि इतरांच्याही.

शाळेपेक्षा मोठी शाळा म्हणजे घर. शेजारच्या सणाविषयी, त्यांच्या देवाविषयी, त्यांच्या खाण्यापिण्याविषयी आपण जेवताना जे बोलतो, ते पानावर बसलेली मुले ऐकत असतात. इझाक यांनी ज्याला तिरस्काराची शिकवण म्हटले, ती पुस्तकात उतरण्यापूर्वी अशाच साध्या बोलण्यातून सुरू होते. कोणाच्याही धर्मातील जे आपल्याला पटत नाही, ते पटत नाही असे म्हणायला हरकत नाही. आपली श्रद्धा झाकून ठेवण्याचीही गरज नाही. इझाक यांनीही आपले यहुदीपण कधी लपवले नाही. मात्र ज्याच्याविषयी बोलायचे त्याची खरी माहिती आधी करून घ्यावी आणि त्याच्या तोंडावर बोलता येईल तेवढेच पाठीमागे बोलावे.

आपल्या धर्मशिक्षकांना आमची नम्र विनंती आहे. यंदा दुःखसहनाचा पाठ घेताना प्रभू येशूला कोणी मारले, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. त्यांनी उत्तर दिले की रागावू नका. त्यांना सांगा की मरिया यहुदी होती, पेत्र यहुदी होता, क्रुसाजवळ रडणाऱ्या स्त्रिया यहुदी होत्या. मग सांगा की ख्रिस्तसभेची शिकवण फार जुनी आणि फार सरळ आहे. आपणा सर्वांच्या पापांसाठी तो मेला. बोट दाखवायचेच असेल तर ते आधी स्वतःकडे वळवावे लागते.

पालकांनाही विनंती आहे. येत्या पवित्र आठवड्यात आपल्या मुलांच्या वर्गातील इतर धर्मांच्या मित्रमैत्रिणींची घरी विचारपूस करा. त्यांचा एखादा सण कशासाठी असतो, हे मुलांना त्यांच्याकडूनच विचारून यायला सांगा. आणि आपला गुड फ्रायडे कशासाठी असतो, हे त्यांना सांगता येईल एवढी तयारी आपल्या मुलांची करून घ्या.

पवित्र शुक्रवारी दुपारी आपण पुन्हा गुडघे टेकू. यहुदी लोकांसाठीची प्रार्थना येईल तेव्हा घाई करू नये. एका वृद्ध शिक्षकाची, त्याच्या पत्नीची आणि मुलीची क्षणभर आठवण करावी. आणि आपल्या लेकरांच्या ओठांवर कोणाविषयीही तिरस्काराचा शब्द आपण ठेवू नये, यासाठी प्रभूकडे बळ मागावे.